अवघड पात

या सदरात खते, बियाणे, कीड आणि रोग यांच्या पलीकडे मी सहसा जात नाही. आज मात्र इंग्रजीचा तास घ्यायचा आहे. लगेच पान उलटू नका. हे इंग्रजी तुमच्या रानातलेच आहे आणि त्यातले निम्मे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येते.

झाले असे. आषाढात एका गावी सोयाबीन पाहायला गेलो होतो. पेरणी होऊन तीन आठवडे झालेले, दोन दिवस पावसाने उघडीप दिलेली, आणि रानात आठ बाया खुरपायला बसलेल्या. बांधावर जांभळीखाली त्यांच्यातल्या एकीची मुलगी वही घेऊन बसली होती. अकरावीला आहे. मला पाहून उठली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला इंग्लिश येतं ना?"

आता कृषी पदवीधराला इंग्रजी येते, पण ते औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापुरते. तरी पोरीपुढे 'नाही' कसे म्हणणार? वही घेतली. धड्यातले एक वाक्य होते. नवरा वारलेल्या, पदरी तीन लेकरे असलेल्या एका बाईविषयी लिहिले होते, 'शी हॅज अ हार्ड रो टु हो'. मुलीने शब्दकोशातून एकेक शब्द शोधून खाली अर्थ लिहिला होता, 'तिच्याकडे खुरपण्यासाठी कठीण रांग आहे.' त्यावर सरांची लाल रेघ, आणि बाजूला सरांच्या अक्षरात, 'तिला कठीण काम करायचे आहे.'

"काका, माझं चुकलं कुठं?"

खरे सांगू, तिचे फारसे चुकले नव्हते. सरांचेही चूक म्हणता येत नाही, शब्दकोशात तसाच अर्थ असतो. पण त्या अर्थातून रान गेले, खुरपे गेले आणि ती बाईही गेली. मी तिला म्हटले, "एकच शब्द बदल. रांग रेशनच्या दुकानापुढं असते. रानात काय असतं?"

तिने आईकडे पाहिले आणि म्हणाली, "पात."

बरोबर. वाचकहो, तुमच्याकडे खुरपणी म्हणत असतील, सातारा-कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात, विदर्भ-खानदेशात निंदण म्हणतात. नाव कोणतेही घ्या, रानाच्या एका टोकाला बाया ओळीने बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकदोन तास येतात, ती तिची पात. पात एकदा धरली की पलीकडच्या बांधापर्यंत न्यायची. एखाद्या पातीला भुसभुशीत जमीन आणि तुरळक केना लागतो, तर दुसरीला नेमकी हराळीची आणि लव्हाळ्याची जागा येते. पात कशी निघेल ते आपल्या हातात नसते. 'हार्ड रो' म्हणजे ही हराळीची पात. 'हो' म्हणजे खुरपणे. वाट्याला अवघड पात आली आहे आणि ती आपल्यालाच शेवटपर्यंत न्यायची आहे, एवढा सगळा अर्थ त्या चार शब्दांत आहे.

म्हणून हा वाक्प्रचार कुठे वापरायचा आणि कुठे नाही, ते शेतकऱ्याला चटकन कळावे. वीज पडून बैल गेला, तर ती आपत्ती. तिथे हे वाक्य बसत नाही. गारपिटीत द्राक्षे झडली, तिथेही नाही. पण त्या गारपिटीनंतर सोसायटीचे कर्ज फेडीत, पोरांची शिक्षणे करीत पुढची पाच वर्षे काढायची आहेत, त्या पाच वर्षांना हे वाक्य लागू पडते. घडून गेलेल्या संकटापेक्षा अजून पुढे असलेल्या लांबलचक कष्टाविषयी ते बोलते. आपल्याकडे 'लोखंडाचे चणे खाणे' म्हणतात, ते जवळचे आहे. पण चणे खाणारा आपल्या मर्जीनेही खात असेल. 'नाकी नऊ येणे' यात दमणे आहे, पुढचा बांध दिसत नाही. 'दुष्काळात तेरावा महिना' हे तर निराळेच, तिथे संकटावर संकट आहे. माझ्या मते 'वाट्याला अवघड पात येणे' हा त्याचा सरळ मराठी अर्थ. आपल्याकडे तो वाक्प्रचार म्हणून रूढ नाही, पण शेतात बसलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

गंमत अशी की आता खुद्द अमेरिकेतच पुष्कळ लोक हे वाक्य चुकीचे म्हणतात. 'रो' म्हणजे ओळ, त्याच्या जागी ते 'रोड' म्हणतात. म्हणजे रस्ता खुरपायला निघतात! शेती सुटली, हातातले खुरपे गेले, की तोंडातला शब्दही असा घसरतो. आपल्याकडची शहरात वाढलेली मुले 'पात' म्हटल्यावर कांद्याची पात समजतात, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेतच असे मुद्दाम म्हटले, कारण वाक्प्रचार इंग्रजी भाषेतला असला तरी तो इंग्लंडचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तो अमेरिकेतल्या छापील मजकुरात सापडतो. टेनेसी राज्यात डेव्ही क्रॉकेट नावाचा एक गडी होऊन गेला. शेतकऱ्याच्या घरातला, अस्वलांची शिकार करणारा, बोलण्यात फटकळ आणि पुढे त्यांच्या संसदेचा सभासद. त्या वेळी अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष होते. दक्षिणेकडच्या चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकासॉ वगैरे मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे धाडण्याचा कायदा 1830 साली आला, तेव्हा जॅक्सन टेनेसीचेच असूनही क्रॉकेटने विरोधात मत दिले. टेनेसीच्या सभासदांत तो एकटाच. पुढच्याच निवडणुकीत तो पडला. 1835 साली त्याच्या नावावर निघालेल्या प्रवासाच्या पुस्तकात जॅक्सनविरोधाबद्दल बोलताना हाच वाक्प्रचार येतो. ही पात अवघड आहे हे ठाऊक असूनच आपण तिला बसलो, अशा अर्थाने.

कायदा मात्र झाला. चेरोकी लोकांना 1838-39 च्या थंडीवाऱ्यात शेकडो मैल चालवत नेले, त्यात हजारो माणसे वाटेत दगावली. मोकळ्या झालेल्या त्या जमिनीत कापूस आला. आणि कापूस म्हटला की खुरपणी आली.

हे सांगत होतो तेव्हा मुलीची आई पात संपवून पाणी प्यायला जांभळीखाली आली होती. तिने थोडे ऐकले आणि हसून म्हणाली, "म्हंजी गोऱ्या लोकान्लाबी खुरपावं लागतंय व्हय?" मग तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाली, "अन् मागं राहिली एखादी, तर तिची पात कोण उचलतं?"

तिने सहज विचारले, पण मला उत्तर देता येईना. उत्तर ठाऊक होते म्हणूनच. ते तुम्हाला सांगतो.

न्यूयॉर्क राज्यात सॉलोमन नॉर्थप नावाचा एक काळा माणूस होता. गुलाम नव्हता, स्वतंत्र होता, बायकोमुले असलेला, व्हायोलिन वाजवणारा. 1841 साली त्याला काम देतो म्हणून वॉशिंग्टनला नेले आणि गुलाम म्हणून विकून टाकले. लुइझियानातल्या मळ्यांवर त्याची वर्षे गेली. 1853 च्या जानेवारीत तो सुटला आणि त्याच वर्षी त्याने 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हे पुस्तक प्रसिद्ध केले. 2013 मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. त्या पुस्तकात कापसाच्या लागवडीचे वर्णन इतके बारकाईने आहे की माझ्यासारख्याने ते कृषी विभागाची पुस्तिका म्हणून वाचावे. सहा फुटांवर वरंबे, मार्च-एप्रिलमध्ये दाट पेरणी, मग पहिली खुरपणी आणि विरळणी, पंधरवड्याने दुसरी, त्या वेळी जागोजाग सर्वांत जोमदार असे एकच रोप ठेवायचे आणि बुडाला माती लावायची, मग तिसरी, आणि जुलैच्या सुरुवातीला चौथी. आपल्या शिफारशीत यापेक्षा फार निराळे काय असते?

पण पुढचे वाचून पुस्तक मिटावेसे वाटते. सर्वांत चपळ माणसाला पहिली पात देत. तो इतरांच्या थोडा पुढे असे. त्याच्या पुढे कुणी गेला, तर पुढे असलेल्याला चाबूक. कुणी मागे पडला किंवा क्षणभर थांबला, तर त्याला चाबूक. घोड्यावर बसलेला मुकादम पाठीमागून फिरत असे. 1860 च्या शिरगणतीत त्या देशात चाळीस लाखांच्या आसपास माणसे गुलाम होती, त्यातली फार मोठी संख्या कापसावर. तेव्हा 'हार्ड रो' म्हणजे काय हे क्रॉकेटला ठाऊक होते खरे, पण त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असणाऱ्यांना लिहायवाचायला शिकवणेच दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत कायद्याने गुन्हा होता.

हा कापूस आपल्याला अगदीच परका नाही. 1861 साली तिकडे उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले, त्यांच्यामागे सावकाराचा तगादा लागला. दहा वर्षांनी, 1875 च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला, सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्याला दुसरीही कारणे होती, नुसत्या कापसावर सारे ढकलता येणार नाही, पण कर्जाची जी गाठ बसली तिचा एक पदर मिसिसिपीच्या काठी होता.

आता जरा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय माझे सदर पुरे होत नाही. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा असे मी तुम्हाला सांगतो. एकर म्हणजे सुमारे 4000 चौरस मीटर. चार हजाराला 0.45 ने भागा. एका एकरात ओळींची लांबी भरते जवळजवळ 9 किलोमीटर! आठदहा बाया दिवसभरात एकर काढतात असे धरले, तर एकेकीच्या वाट्याला साधारण एक किलोमीटर ओळ येते. एक किलोमीटर चालणे म्हणजे काही नाही, दहाबारा मिनिटांचे काम. पण उकिडवे बसून, एका हातात खुरपे, दुसऱ्या हाताने गवत उपटत, मान खाली, असे एक किलोमीटर सरकून पाहा. आणि ही झाली एक खुरपणी.

तीस वर्षे मी माहितीपत्रके लिहितो आहे. प्रत्येकात एक ओळ असते, 'गरजेनुसार दोन खुरपण्या द्याव्यात.' खताच्या मात्रेला तीन ओळी, बीजप्रक्रियेला चार, आणि खुरपणीला अर्धी. कुणी द्याव्यात, किती वेळ लागेल, पाठीचे काय होईल, यातले काही नाही. बियाण्याची पिशवी मोजली, खताचे पोते मोजले, ते नऊ किलोमीटर कधी मोजले नाहीत.

माझे एक जुने फजितीचे प्रकरण आहे, तेही सांगून टाकतो. 1997 साली नोकरीत नवा होतो. वरून आदेश आला, बायांचे कष्ट कमी करणारे हातकोळपे दाखवा. चार हातकोळपी आली. एका रानात बाया जमवल्या, चांगले अर्धा तास भाषण केले आणि म्हटले, "आता बसायची गरज नाही, उभ्यानं काम करा." एका अक्कांनी कोळपे हातात घेतले. दांडा त्यांच्या डोक्याच्या वर गेला. कुणा उंच माणसाच्या मापाने ते बनवले होते. शिवाय कोळप्याने दोन ओळींमधले गवत निघत होते, पण रोपाच्या बुडाशी चिकटलेले तसेच राहत होते. अक्का म्हणाल्या, "साहेब, ह्ये बुडातलं कोण काढणार? अन् गवताची माती झाली, तर संध्याकाळी म्हशीला काय टाकू?" हे मी भाषणात धरलेच नव्हते. खुरपून काढलेले गवत ही त्या बाईची दिवसाची दुसरी कमाई असते.

मग त्या म्हणाल्या, "बसा की पातीला. बघा तरी." तरुण रक्त, बसलो. पहिले वीस हात बरे गेले. मग मांड्या भरून आल्या. नंतर कंबर. मान वर करून पाहिले तर दोन्हीकडच्या बाया पाचसात कासरे पुढे. मी एकटा मागे, मला लाज वाटू लागली. आणि थोड्या वेळाने लक्षात आले की माझ्या पुढचे गवत आधीच निघालेले आहे. डावीकडच्या बाईने माझ्या पातीतला एक तास आपल्यात घेतला होता, उजवीकडच्या अक्कांनी दुसरा. कुणी काही बोलले नाही, बोलणे चालले होते ते एकीच्या भाचीच्या लग्नाचे. मी बांधावर पोचलो तेव्हा माझ्या पातीतले जेमतेम निम्मे मी काढले होते.

आईच्या त्या प्रश्नावर मला बोलता आले नाही, ते यामुळे. आपल्याकडे मागे राहिलेलीची पात शेजारीण उचलते. उक्त्याने घेतलेल्या कामात याचा हिशेब कधी रुसव्याने होतो, कधी तोंडही वाजते, हे मी पाहिले आहे. उगाच गोडवे गात नाही. पण उचलते.

हातकोळपी नंतर सुधारली. आज दातेरी हातकोळपे, सायकल कोळपे वापरणाऱ्या बाया मला गावोगाव भेटतात. दांड्याची गोष्ट साधी वाटते, पण तिच्यावरून कॅलिफोर्नियात न्यायालयापर्यंत भांडण गेले होते. तिथे सॅलडच्या पानांच्या आणि शुगरबीटच्या शेतात मेक्सिकोकडून आलेल्या मजुरांना फूट-दीड फूट दांड्याचे खुरपे देत. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे 'छोटू'. दिवसभर कमरेत वाकून चालायचे. बागायतदार म्हणत, आखूड दांड्याने काम नाजूक होते. मजूर म्हणत, कोण उभा राहिला ते मुकादमाला लांबून दिसावे, म्हणून दांडा आखूड. शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांनीही तरुणपणी ते वापरले होते आणि आपल्या पाठदुखीचा दोष ते त्यालाच देत. डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि 1975 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या आखूड खुरप्यावर बंदी आली. लांब दांडे आले. सॅलडची पाने पूर्वीसारखीच पिकत राहिली.

आपले खुरपे आखूडच आहे, पण आपली बाई त्याच्याबरोबर बसते, वाकून चालत नाही, हा फरक आहे. रोपाच्या बुडाशी ते लागणारच. माझे म्हणणे एवढेच की दोन ओळींमधले काम आधी कोळप्याने उरकावे, म्हणजे खुरप्याला फक्त बुडातले राहील. सोयाबीनला पहिले 30 ते 45 दिवस रान स्वच्छ हवे. उघडीप मिळाली आणि वाफसा आला की पंधरा-वीस दिवसांच्या पिकात पहिली कोळपणी करा, मागोमाग खुरपणी. तणनाशक वापरायचे असेल तर लेबलावरचे पीक, मात्रा आणि दिवस वाचल्याशिवाय पंपात ओतू नका. सोयाबीनचे औषध शेजारच्या दुसऱ्या पिकावर गेले तर काय होते, ते मला दरवर्षी कुठे ना कुठे पाहावे लागते. आणि हातकोळपे विकत घ्यायला जाल तेव्हा घरातल्या बाईला बरोबर न्या. दुकानातच तिच्या हातात देऊन दांडा तिच्या उंचीला बसतो का, ते पाहा. पुरुषाने धरून पाहू नये.

त्या मुलीच्या वहीचे सांगायचे राहिले. तिने आपले वाक्य खोडले, सरांचे तसेच ठेवले आणि खाली तिसरे लिहिले, 'तिच्या वाट्याला अवघड पात आली आहे.' मग तिने विचारले, "काका, ह्याला मार्क देतील का?" मी म्हटले, सरांना विचार. तोवर तिच्या आईला पलीकडून हाक आली, तिने पदर खोचला आणि ती दुसऱ्या पातीला गेली. पुढच्या महिन्यात त्या गावी पुन्हा फेरी आहे, तेव्हा मार्कांचे काय झाले ते विचारीन.